अक्षतांच्या वेळचं चित्र

लातूरला शिकवण्यांच्या गल्लीत माझं व्हिडिओचं दुकान होतं. मूळ धंदा लग्नाच्या शूटिंगचा. पण तेव्हा क्लासेसची चलती सुरू झाली आणि सरांची लेक्चरं सीडीवर उतरवायचं काम वाढलं. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क फिजिक्स-केमिस्ट्रीनंच भरलेली असायची.

एका सकाळी बारावीतली एक मुलगी कॅसेट घेऊन आली. गाव औसा तालुक्यात, इथं खोली करून राहायची. कॅसेट तिच्या मावशीच्या लग्नाची होती, देगलूरला मामाच्या घरी सापडलेली.

"काका, याच्यात माझी आई हाय. घरच्या प्लेअरवर लागंल अशी सीडी करून द्या. बाबाला बघायचंय."

आई भूकंपात गेली, तेव्हा ही तीन वर्षांची. घरातले फोटो घराबरोबरच गेले. आईचा चेहरा तिला आठवत नव्हता. मामानं एवढंच सांगितलं होतं, की अक्षतांच्या वेळी हिरव्या साडीत नवरीच्या मागं उभी हाय.

घरचा प्लेअर जुना, फक्त व्हीसीडी चालवणारा. फितीवर पांढरी बुरशी धरली होती. ती एकदा तरी नीट चालेल का, याचीच शंका. नांदेडच्या दोस्ताला फोन केला. तो म्हणाला, "पहिले मोठ्या बिटरेटवर उतरून घे. व्हीसीडी मग कर. घाई करू नको."

बिटरेट म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला किती जागा द्यायची तो आकडा. मोठा ठेवायचा तर डिस्क रिकामी करायला हवी होती आणि तिच्यावरची लेक्चरं दुसऱ्या दिवशी द्यायची होती. मी थेट व्हीसीडीच्या, म्हणजे कमी बिटरेटच्या, सेटिंगवर उतरवायला घेतलं. लेक्चरं त्याच सेटिंगवर स्वच्छ निघायची. फळा हलत नाही, सरही फारसे हलत नाहीत, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही.

कॅसेट चालत असताना शेजारच्या टीव्हीवर मी सगळं पाहत होतो. ती दिसली. हिरवी साडी, कडेवर लेकरू. अक्षता पडायला लागल्या तसा तिनं लेकराच्या डोक्यावर हात धरला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. म्हणाली, "पोरीच्या डोळ्यात जातंय हो, हळू टाका."

नंतर फाईल लावून पाहिली. मांडव ठीक, नवरदेव ठीक. अक्षता उडाल्या की चित्राचे चौकोन झाले. उडणाऱ्या दाण्यांतच सगळी जागा संपली होती. तिच्या चेहऱ्याच्या जागी पाच-सहा तपकिरी ठोकळे हलत होते.

मी लेक्चरं पुसली, बिटरेट वाढवला आणि कॅसेट पुन्हा लावली. व्हीसीआरनं फीत खाल्ली. सोडवली तेव्हा नेमका तोच भाग चुरगळलेला होता. जोडून लावला तर पडद्यावर नुसत्या रेघा. मग होत्या त्या फाईलवरच खटपट केली. मऊ केलं तर चेहरा पुसला जाई, धार दिली तर चौकोन ठळक होत.

संध्याकाळी क्लास सुटल्यावर ती आली. स्टुलावर बसून तिनं तेवढा भाग चारदा पाहिला. मी सांगून टाकलं, "चूक माझी आहे. कॅसेट चालताना टीव्हीवर स्वच्छ दिसत होतं. आधी मोठ्या बिटरेटवर उतरवायला पाहिजे होतं. आता काही करता येत नाही."

ती रागावली नाही. तेच मला जड गेलं.

"टीव्हीवर तुम्हाला दिसली होती ना काका?"

"हो."

"कशी होती?"

हजार नवऱ्यांचे चेहरे मी कॅमेऱ्यात धरलेले, पण एक चेहरा मला सांगता येईना. "कपाळ तुझ्यासारखं," म्हणालो. ते खरंच आठवत होतं, की समोर बसलेल्या पोरीकडे बघून सुचलं, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

होत्या त्या फाईलचीच सीडी करून तिला दिली. आठवड्यानं तिचे वडील आले. चुरगळलेली कॅसेट परत मागितली.

"सीडी लागली का?" मी विचारलं.

"लागली. तोंड लई पुसट हाय. पर बोलणं तिचंच हाय." कॅसेट हातात घेऊन म्हणाले, "पोरगी तेवढंच लावती, डोळे मिटून."

कॅसेट पिशवीत घालून ते स्टँडकडे निघून गेले.