बर्फातली सवत

कामतघरच्या चाळीत कौसल्याला एक सवत होती, आणि ती सवत म्हणजे चीनचा एक शिपाई. नवरा लहानू अंजूरच्या गोदामावर रात्रपाळीचा वॉचमन. सकाळी ड्युटीवरून आला की ताटासमोर मोबाइल उभा करून हिंदीत डब केलेले चिनी लढायांचे सिनेमे बघायचा. त्यातल्या एकावर त्याचा भारी जीव. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून त्यातला शिपाई बर्फात पालथा पडून राहतो, गोठून मरतो, पण तसूभर हलत नाही. तिथं पोचलं की लहानूच्या डोळ्यांना धार लागे आणि भाकरी ताटात वाळत पडे. शेजारच्या मिलिंदने एकदा छेडलं, चीनवाल्यांसाठी कशाला टिपं गाळतोस म्हणून. लहानू म्हणाला, देशासाठी मरणारा कुठलाही असो, तो आपलाच.

हे सगळं बघून कौसल्याच्या अंगाचा तिळपापड होई. सासूला, म्हणजे आक्काला, अर्धांगवायू झाला तेव्हा अंबाडीच्या अंगणवाडीतली मदतनिशीची नोकरी तिनेच सोडली होती. तेव्हापासून आक्काला भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं सगळं तिच्याच अंगावर. त्यासाठी लहानूच्या डोळ्यांत कधी टिपूस आलं नव्हतं. मेला एकदाच काय तो बर्फात पडून राहिला आणि सगळं रडणं घेऊन गेला, असं पुटपुटत ती भांड्यांवर राग काढी. आता कामतघरच्याच अंगणवाडीत जागा निघाली होती आणि तिथल्या बाईंनी तिला बोलावणं धाडलं होतं. आक्काला सोडून कुठं जातेस, एवढं बोलून लहानूने विषय संपवला आणि सिनेमा लावला.

त्या दिवशी ती हात पुसून त्याच्या शेजारी बसली. मेल्याला असं काय सोनं लागलंय, बघू तरी. सिनेमा तिने पहिल्यांदाच सुरुवातीपासून बघितला. बर्फाच्या आधी एक प्रसंग होता. साहेब सगळ्यांना रांगेत उभं करून विचारतो, परत यायची खात्री नाही, कोण जाणार? तो शिपाई एक पाऊल पुढे येतो. कौसल्या जळत तर आजवर होतीच, पण आता तिला खरा हेवा वाटला तो त्या प्रश्नाचा.

"थांबवा ते," ती म्हणाली. "त्याला निदान इचारलं तरी. मला कोनी इचारलं?"

लहानूने सिनेमा थांबवला. आक्काच्या खाटेकडे त्याने एकदा बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "बरं, इचारतो. आक्काला तू बघशील?"

"एकटी न्हाय," कौसल्या म्हणाली. "सकाळ-रात्र मी बघन. दिवसा मी अंगनवाडीत. तुमी घरीच असता, तवा तुमी."

लहानूचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ती याच पाण्याची वाट बघत होती. नीट बघितल्यावर तिला कळलं, तो स्वतःच्या बुडणाऱ्या झोपेसाठी रडत होता. ती उठली आणि आक्काला कुशीवर कसं वळवायचं ते त्याला दाखवायला लागली.