मोहाखालची प्रार्थना

मुलांनो, आज सकाळी खिडकीतून मोहफुलांचा गोड वास आला, म्हणून हे लिहायला बसले. लग्नानंतरच्या पहिल्या ईस्टरला पहाटे आम्ही चर्चला निघालो, तर शेजारची गोंड म्हातारी तापाने फणफणत दारात बसलेली. "माहा मोहा गळून राह्यला, बाई. ढोरं खाऊन टाकतीन, मंग वर्षभर तेलमीठ कुठून आणू?" सासूबाईंनी टोपली उचलली. "आणि प्रार्थना?" मी विचारलं. "गाणं वाकूनही म्हणता येते," त्या म्हणाल्या. मागोमाग चर्चला निघालेली सगळी मंडळी आली. गात गात आम्ही फुलं वेचली, ढोरं येईपर्यंत झाडाखालची जमीन मोकळी झाली. "तुमचा देव कामाचा हाये," म्हातारी हसली. आता त्या दोघीही नाहीत. आपल्या मंडळीची ईस्टरची प्रार्थना मात्र अजून त्याच झाडाखाली, टोपल्या घेऊन होते.