ओल्या विजारीचं पान

"ती ओळ फिरसे वाच," मेजरसाहेब म्हणाले.

मी वाचली. "नाल्यापाशी तोफगोळा पडला. मला खाकी विजारीतच लघवी झाली."

बैठकीतले सगळे हसले. गादीवर लोडाला टेकलेले सात-आठ सरदार. एकाला तर हसता हसता ठसका लागला. मी खाली जाजमावर बसलेली. आणि दाराशी माझे बाबा, गणवेशात, सावधान उभे. ती वही बाबांची. ती लघवीही त्यांचीच.

"हवालदार, तू पलटणीत शिपाई होतास की दाई?" मेजरसाहेबांनी विचारलं.

"जी हुजूर," बाबा म्हणाले.

हे काही त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. पण मेजरसाहेबांच्या त्या कोठीत बाबांना दुसरं उत्तर सुचतच नसे. पुन्हा हशा झाला. माझे कान तापले.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. ग्वाल्हेरची फौज हिंदी फौजेत मिसळायची होती. कोणाला ठेवायचं आणि कोणाला घरी बसवायचं, याची यादी चालली होती. आमच्या पलटणीची शिफारस मेजरसाहेब करणार होते. शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या गल्लीत तेव्हा दुसरा विषय नव्हता. आई देवापुढे बसून फक्त एवढंच म्हणे, नाव येऊ दे. आजोबा शिपाई, बाबा शिपाई. बंदूक सोडून बाबांना काही येत नव्हतं.

पलटण मोडण्याआधी तिचा इतिहास छापावा, असं मेजरसाहेबांच्या मनात आलं. ब्रह्मदेशच्या लढाईवरून आलेल्यांपैकी कोणी काही लिहिलं असेल तर हजर करा, असा हुकूम निघाला. बाबांची वही सगळ्या कंपनीला माहीत होती, त्यामुळे लपवायची सोय नव्हती. वही मोडी लिपीत होती. मेजरसाहेब इंग्रजी शाळेत शिकलेले, त्यांना मोडीचं अक्षर लागेना. बाबांनी मला मोडी शिकवली होती. म्हणून पंधरा वर्षांच्या मला बोलावणं आलं. नाहीतर आमच्यासारख्यांच्या पोरींना त्या बैठकीत कोण येऊ देतंय!

जाताना वाटेत बाबा मला म्हणाले, "बेटा, नाल्याचं पान आलं की माझं वाच. साहेबांचं नको. मग एकदम दोन पानं उलट."

मी हो म्हटलं. वही मी घरी आधीच वाचून काढली होती. पुढच्या पानावर काय आहे ते मला ठाऊक होतं, बाबांना ठाऊक होतं. फक्त मेजरसाहेबांना नव्हतं.

आत शिरताना आम्ही तीन मुजरे केले. त्या कोठीची रीतच तशी. येताना तीन, जाताना तीन, आणि निघायचं ते उलट्या पावलांनी. साहेबांना पाठ दाखवायची नाही. अशा बड्या घरांच्या अंगणातही मी लहानपणापासून तसंच चालत आले होते. त्यात काही वावगं आहे असं कधी मनातही आलं नव्हतं.

तर हसणं थांबलं. मी दोन पानं चिमटीत धरली होती. मला फक्त घरी जायचं होतं.

ब्रह्मदेशातली टेकडी जिंकल्याबद्दल मिळालेल्या छातीवरच्या बिल्ल्याला मेजरसाहेबांनी हात लावला. "अशा डरपोकांना घेऊन आम्ही लढलो," ते म्हणाले. "ही ओळ इतिहासात टाकू. याच्या नावासकट. पुढची पिढी पण हसेल ना जरा!"

मी बाबांकडे पाहिलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. हनुवटी हलत होती.

चिमटीतलं एक पान मी सोडून दिलं. आणि वाचलं.

"साहेब माझ्याशेजारी नाल्यात पालथे होते. त्यांचीही विजार ओली होती. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, मला टाकून जाऊ नकोस. मी म्हटलं, नाही जात. दुपार कलेपर्यंत आम्ही तसेच पडून होतो. टेकडी दुसऱ्या कंपनीने घेतली. बिल्ला साहेबांना मिळाला. मिळो. भीती दोघांनाही सारखीच वाटली."

आता कोणी हसेना. विजार तशीच ओली होती, पण आता ती साहेबांची होती.

"वही दे," मेजरसाहेब म्हणाले. आवाज अगदी हळू. मला त्या आवाजाची जास्त भीती वाटली.

मी वही छातीशी धरली.

"हवालदार, घे ती तिच्याकडून."

बाबा आले. त्यांनी हात पुढे केला. "दे दे, बेटा. आपलं नाव यायचंय ना यादीत..."

"नाही देणार, बाबा."

बाबांना नाही म्हणायची ती पहिली वेळ. मी उठले. मुजरा केला नाही. वळले आणि पाठ करून चालू लागले. मागून कोणीतरी वेणी धरून ओढणार, असं प्रत्येक पावलाला वाटत होतं. कोणी ओढलं नाही. मागे बाबांच्या बुटांचा आवाज आला. ते तीन मुजरे करत होते.

यादीत बाबांचं नाव आलं नाही. ते एका गिरणीच्या फाटकावर चौकीदार झाले. कित्येक महिने माझ्याशी बोलले नाहीत. एकदा जेवताना तेवढं म्हणाले, "एकच पान तर होतं, बेटा." मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. बाबांनी पुढे एक अक्षर लिहिलं नाही.

मेजरसाहेबांचा इतिहास छापून आला. त्यात बाबांच्या विजारीची ओळ आहे, नावासकट. बैठकीत दोनदा ऐकलेली ओळ त्यांनी बरोबर लक्षात ठेवली. पुढचं पान अर्थातच नाही.

ही गोष्ट गल्लोगल्ली पसरली. मग माधवगंजातले दोन म्हातारे शिपाई पदराआड लपवावं तशा कोटाखाली वह्या घेऊन आले. आणखीही आले. मी त्या वाचल्या. एकजण मेलेल्या खेचराच्या आड दिवसभर दडला होता. एकाने आईला हाका मारल्या होत्या आणि शेजारच्या गोऱ्या शिपायानेही आपल्या आईला हाका मारल्या, असं लिहिलं होतं. वाचताना मला रडू आलं. वाचनालयातून मी साहेबलोकांनी लढाईवर लिहिलेली पुस्तकंही आणून वाचली. त्यांत कोणी घाबरतच नाही. सगळी भीती आमच्याच लोकांनी लिहायची, आणि तिला हसायचं मात्र त्यांनी!

या सगळ्या वह्या मी आता मोडीतून बाळबोध देवनागरीत उतरवते आहे. नावासकट. मेजरसाहेबांचंही नाव घालते आहे. त्यांच्या घरच्यांचा निरोप येऊन गेला, जरा सांभाळून लिहा म्हणून. तो ऐकला आणि मागून कोणीतरी वेणी ओढणार, असं पुन्हा वाटलं. मला भीती वाटते. खूप वाटते.

वाटू दे. बाबांच्या विजारीची ओळ मी वाचणार, आणि त्याच दमात पुढचं पानही वाचणार. कोणाच्या बैठकीत वाचायला लावलं तर तिथे वाचणार. आणि निघताना पाठ दाखवून निघणार.