घराण्याचा परवाना

गाडी काट्यावर चढली आणि वजन मर्यादेपेक्षा जास्त भरलं, की हे गृहस्थ जीपमधून उतरायचे, शर्टाच्या खिशावर दोन बोटं टेकवायचे आणि म्हणायचे, "आमच्याकडे परवाना आहे." मग माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच गाडीत बसून वजन वाढवलंय.

मी ग्वाल्हेरबाहेर हायवेला लागून असलेल्या वजनकाट्यावर काम करतो. इथे त्याला धर्मकाँटा म्हणतात. गृहस्थांचे ट्रक दगड वाहायचे. ते राहायचे शिंदे की छावनीत, आमच्याच गल्लीत, त्यामुळे माझ्यावर आपला हक्क आहे असं ते धरूनच चालायचे. गणपतीत मंडळाच्या स्टेजवरून दरवर्षी त्यांचं भाषण ठरलेलं. "शिस्त आपल्या मराठी माणसाच्या खून में आहे," असं ते टेबलावर हात आपटून सांगायचे, आणि समोरची मंडळी प्रसाद कधी मिळतोय ते बघायची. असा एखादा वक्ता तुमच्याही गल्लीत असेलच.

परवान्याची गोष्ट सांगतो, कारण त्यातच सगळा माणूस आहे. एकदा त्यांनी कुठल्याशा कारखान्याचं अवजड यंत्र नेलं होतं. यंत्राचे तुकडे करता येत नाहीत, म्हणून मर्यादेपेक्षा जास्त वजन नेण्याची परवानगी मिळाली. तेवढंच यंत्र, एकच फेरी, आणि नेमून दिलेला रस्ता. फेरी झाली, परवाना संपला. शहाण्या माणसाने तो कागद फाडून टाकला असता. ह्यांनी त्यावर प्लास्टिक चढवलं. ह्यांचे पणजोबा दरबारात अधिकारी होते आणि त्यांची सनद दिवाणखान्यात काचेत लावलेली होती. एकदा मिळालं ते कायमचं घराण्याचं, कायदा म्हणून ह्यांना एवढंच ठाऊक. 'काका, तो त्या यंत्रापुरता होता,' असं मी कितीदा सांगितलं. ते हसायचे. म्हणायचे, "अरे, सरकारने आमच्या घराण्यावर भरोसा ठेवलाय. तुला नाही समजायचं."

एका सकाळी त्यांचा ट्रक दगडाचा एक प्रचंड ठोकळा घेऊन आला. वजन इतकं जास्त होतं की मी चिठ्ठी देण्याआधी बाहेर येऊन त्यांना हात जोडले. खिशावर बोटं टेकलीच. पण त्या दिवशी हायवेवर तपासणी चालू होती, आणि घराण्यावरचा तो भरोसा तपासणीपुढे न्यायची ह्यांची छाती नव्हती. त्यांनी ट्रक गावाच्या रस्त्याला वळवायला सांगितला. त्या रस्त्यावर नाल्यावरची जुनी पुलिया आहे, काट्यापासून हाकेच्या अंतरावर. मी त्यांना थांबवायला मागोमाग गेलो.

ड्रायव्हर रामऔतार पुलियापाशी गाडी उभी करून खाली उतरला होता. तो वर्षानुवर्षं ह्यांच्याकडे होता आणि कधी उलटून बोललेला मी ऐकला नव्हता. "साब, पुलिया नहीं झेलेगी," तो म्हणाला.

गृहस्थांनी त्याला खुळ्यात काढलं. नोकरी नको असेल तर तसं सांग, म्हणाले. रामऔतार परत वर चढला. आणि मग गृहस्थांनी काय केलं ते मी ह्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ते आधी पायी पुलिया ओलांडून पलीकडे गेले, रस्त्याच्या कडेला नीट जागा बघून उभे राहिले आणि तिथून त्यांनी गाडीला हात केला.

मधोमध मागची चाकं खचली आणि सगळा ट्रक कलंडला. केबिनखाली पाय अडकून रामऔतार ओरडत होता. गृहस्थ काठावर येऊन वाकले आणि त्यालाच विचारू लागले, "पत्थर तो नहीं टूटा?"

शहरातल्या कंपू भागातल्या दवाखान्यात त्याचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. पोलिसांना गृहस्थांनी सांगितलं की ड्रायव्हर आपल्या मनाने त्या रस्त्याला गेला, आपण तिथे नव्हतोच. ते खरं धरलं गेलं असतं, तर रामऔतारला भरपाई राहिली बाजूलाच, उलट त्याच्यावरच गुन्हा लागला असता. मी पाहिलं आणि ऐकलं ते सगळं जबाबात सांगून टाकलं.

संध्याकाळी गृहस्थ माझ्या घरी आले. आत न येता दाराजवळच्या स्टुलावरच बसले. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला कीव आली. मग ते बोलले आणि कीव संपली.

"आपल्या माणसाने आपल्याच माणसाच्या खिलाफ जायचं?"

"काका, माझा माणूस कंपूला पडलाय," मी म्हटलं.

रामऔतारवरचा आरोप गेला. भरपाईचा दावा अजून चालू आहे. आमच्या मालकांनी त्याला काट्याच्या खिडकीत बसवलं. बसून करायचं काम आहे, तो ते चोख करतो. गृहस्थांनी ट्रक विकले आणि मुलीकडे पुण्याला जायचं ठरवलं. इथल्या मराठी समाजाने शाल-श्रीफळ देऊन निरोपही दिला. मी गेलो नाही.

निघायच्या दिवशी त्यांच्या घरचं सामान भरलेला भाड्याचा ट्रक काट्यावर आला. कपाटं, झोपाळा, गाद्या, काचसामान. ट्रक निम्मा रिकामा होता, आणि मागे उरलेलं सामान घेऊन तसाच दुसरा येत होता. गृहस्थ स्वतः उतरले. वजन नीट बघा म्हणाले, आणि चिठ्ठी घ्यायला खिडकीशी गेले. आत कोण बसलंय ते त्यांना तेव्हा दिसलं.

रामऔतारने चिठ्ठी पुढे केली. "अभी तो बहुत गुंजाइश है, साब," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच होता. "एक ही गाड़ी में आ जाता."

"नहीं नहीं," गृहस्थ घाईने म्हणाले, "घर का सामान है."