झिरोचा बल्ब

माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर दोघे भाऊ राहतात. थोरल्याचं खिळे-स्क्रूचं दुकान, तर धाकटा घरीच कॉम्प्युटरवर छपाईच्या प्रेससाठी पुस्तकांची पानं लावतो, म्हणजे लावायचा. लहानपणीच्या तापात त्याचे कान कायमचे गेले. थोरला त्याला ठोंब्या म्हणतो आणि वर स्वतःच हसतो.

ऐकू न येणाऱ्याला लाइट गेलेली कळणार कशी? कॉम्प्युटर तर यूपीएसच्या बॅटरीवर काही मिनिटं चालूच राहतो. यूपीएस किंचाळतो, बॅटरी संपायच्या आत आवरा म्हणून. ते किंचाळणं खाली माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतं, फक्त त्याच्यापर्यंत पोचत नाही. पंखा तो लावत नसे, कागद उडतात. म्हणून त्याने स्क्रीनच्या वर झिरोचा लाल बल्ब लावला होता, वायर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. बल्ब विझला की लाइट गेली, मग काम सेव्ह करून मशीन बंद. गडगडाट तर त्याला टेबलावर टेकलेल्या तळव्यांतून कळे, तोही आमच्या आधी. कळला की प्लग काढ, इंटरनेटची वायर काढ. सुरुवातीला बिचारा थोरल्याच्या टीव्हीचाही प्लग काढायचा. एकदा ऐन मॅचमध्ये काढला, तर थोरल्याने पाहुण्यांदेखत त्याच्या थोबाडीत दिली आणि बोट नाचवून बजावलं, "माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही." त्यानंतर धाकट्याने कधी लावला नाही.

मीटरची पेटी माझ्या दारासमोर आहे. घरी कोणी आलं की थोरला चपला फटफटवत खाली यायचा, आपल्या घराचा मेन स्विच पाडायचा आणि धाकट्याची तारांबळ दाखवायला धावत वर जायचा. "बघा हं, आता कसा उडतो!" हे थोरल्याच्या बायकोचं, वहिनीचं बोलणं आणि मागोमाग खो-खो हसणं मला खाली ऐकू येई. एकदा न राहवून मी टोकलं. तो म्हणाला, "काकू, घरातली करमणूक आहे. तुम्हाला तिकीट लावलंय का?"

मग प्रेसवाल्याने धाकट्याला एका जाडजूड ग्रंथाचं काम दिलं. वेळेत झालं, तर प्रेसच्या माळ्यावरची खोली त्याची. तिथेच राहायचं, तिथेच काम करायचं. ही बातमी सांगायला तो माझ्याकडे आला आणि कितीतरी वेळ हाताने माळा दाखवत राहिला, जिना दाखवत राहिला, आतून लावायची कडी दाखवत राहिला. आतून लावायची कडी!

काम संपत आलं होतं आणि समोरच्या खांबावर वीज कोसळली. धाकट्याने आपला प्लग आधीच काढला होता. टीव्हीला हात लावायची बंदी होती, ती त्याने पाळली. टीव्ही जळून कोळसा झाला. थोरला जिन्यात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "स्वतःचं तेवढं वाचवलं, माझं जळू दिलं. बघतोच आता."

ग्रंथ द्यायच्या दिवशी भरदुपारी सगळ्या इमारतीची लाइट गेली. वर यूपीएस किंचाळू लागला. आता तो बंद करेल, असं मी धरून चालले, पण किंचाळणं थांबेना. मी वर गेले. थोरला धाकट्याच्या खोलीच्या दारात हात आडवा लावून उभा होता, मागे वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. आत धाकटा आमच्याकडे पाठ करून निवांत काम करत होता, आणि त्याच्या समोर लाल बल्ब छान पेटलेला होता.

"तो अंघोळीला गेला होता ना, तेव्हा बल्बची वायर यूपीएसमध्ये घातली," थोरला म्हणाला. "आता थांबा काकू, गंमत बघा."

मी ओरडले, "अरे, बंद कर! बंद कर!" कोणाला ओरडत होते मी? थोरल्याचा हात ढकलून पाहिला, पण तो दारासारखा घट्ट होता. किंचाळणं सलग झालं, आणि बल्ब आणि स्क्रीन एकदमच विझले.

धाकट्याने आधी बल्बकडेच पाहिलं. गेला असेल म्हणून काढला, हलवून बघितला, पुन्हा लावला. मग वळला आणि आम्ही त्याला दिसलो.

असा अचानक बंद पडल्याने कॉम्प्युटरची जुनी डिस्क तिथेच कायमची बसली. पेनड्राइव्हवर अर्धी उतरलेली फाइल उघडेना. संध्याकाळी प्रेसवाला आला, घड्याळाकडे बघत चुकचुकला आणि काम दुसऱ्याला देऊन मोकळा झाला.

आता धाकटा थोरल्याच्या दुकानात खिळे तोलतो. यूपीएस नव्या टीव्हीखाली बसवलाय. ढग दाटले की थोरला त्याला दुकानातून घरी धाडतो. मग तो टीव्हीच्या टेबलावर तळवे टेकून बसतो, आणि गडगडाट जवळ आला की अचूक प्लग काढतो. आजवर एकदाही चुकलेला नाही. मी मात्र खाली बसून दर वेळी वाट बघते, एकदा तरी चुकू दे म्हणून.