बाराच्या आत

आमच्या विहारात भंतेजींना फार मान आहे. इतका, की त्या मानापायी ते एक दिवस उपाशी राहिले.

अमरावतीत राजापेठेच्या मागच्या बाजूला आमचं लहानसं विहार आहे. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, भंतेजींचा मुक्काम तिथंच असतो आणि वस्तीतली घरं पाळीपाळीनं भोजनदान देतात. भिक्खू बारानंतर जेवत नाहीत आणि स्वतःहून मागतही नाहीत. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. विहाराच्या समितीला मात्र नसावं.

त्या रविवारी पाळी आमची होती. भंतेजींना शुगर आहे, सकाळची गोळी घेतलेली असते, म्हणून मी भाकरी, वांग्याची भाजी आणि पातळ वरण वेळेआधीच विहारात नेऊन ठेवलं. पण माझे मिस्टर समितीचे सचिव. त्यांनी नेमका त्याच दिवशी भंतेजींचा सत्कार ठेवला होता. त्याला एक पुढारी यायचे होते. ते अचलपूरहून निघाले होते, आणि दर फोनला नुसते निघालेलेच होते.

मी मिस्टरांना बाजूला घेऊन म्हटलं, आधी जेवू द्या त्यांना.

"थांबनं जरा," ते म्हणाले. "पाहुण्यायच्या हातानं वाढू. फोटो घ्याचा हाये."

पाहुणे आले. मग भाषणं सुरू झाली. भिक्खुसंघ जगला तर धम्म जगेल, त्यांची काळजी घेणं आपलं कर्तव्य आहे, असं जो तो उठून सांगत होता. माझं डोकं तापत चाललं होतं. मी दोनदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. मिस्टरांनी मान हलवून मलाच गप्प बसवलं. त्या उकाड्यात भंतेजी सत्काराची शाल पांघरून ताठ बसले होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

अखेर ताट आलं. पाहुण्यांनी वरणाची पळी धरली, फोटो निघाला. भंतेजींनी वर घड्याळाकडे पाहिलं आणि हात जोडले. बारा वाजून गेले होते. "पाच-दहा मिनिटानं काय होते, घ्या," असं पाहुणे हसत म्हणाले, तेव्हा मला ती पळी हिसकावून घ्यावीशी वाटली. मी आत जाऊन गुळाचं पाणी करून आणलं. तेवढं चालतं. ते त्यांनी घोटाघोटानं घेतलं.

घरी आल्यावर मिस्टर म्हणाले, भंतेजी तर काहीच बोलले नाहीत.

"काहून बोलतीन ते?" मी म्हटलं. "त्यायले मागता येत नाही, म्हणून तं आपल्याले समजाले पाह्यजे."

तरी आठवड्याभरात मिस्टरांनी तो फोटो मोठा करून विहारात लावला. पाहुणे, पळी, भरलेलं ताट, वर भिंत. खाली लिहिलेलं, 'भोजनदान संपन्न'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भंतेजींना म्हटलं, तुम्ही म्हणत असाल तर आत्ता काढते.

भंतेजींनी फोटो नीट पाहिला.

"राहू द्या, ताई," ते म्हणाले. "त्याच्यात घड्याळ दिसते."