ओहोटीच्या रेषेपलीकडची अंगठी

माझ्या नवऱ्याशी संसार करायचा म्हणजे सरकारी कचेरीतच बिऱ्हाड थाटायचं. पेट्रॉक जन्मभर गावातले नळ दुरुस्त करत होता. वाहनतळावर चिटपाखरू नसलं तरी पावती घेतल्याशिवाय हा गाडी सोडत नाही. निवृत्त झाल्यावर त्याने पाण्याखाली चालणारं धातुशोधक यंत्र घेतलं. मला वाटलं, आता तरी जरा मोकळा होईल. कुठलं काय!

इंग्लंडच्या टोकाला असलेल्या आमच्या कॉर्नवॉलचा जुना रिवाज साधा आहे. समुद्राने टाकलेली वस्तू भरतीच्या रेषेच्या वर ओढून ठेवायची आणि तिच्यावर एक दगड ठेवायचा. मग ती तुमची, कोणी हात लावत नाही. माझ्या आजोबांना एका वादळानंतर गावाखालच्या पुळणीवर सोन्याची अंगठी सापडली. आता अंगठीवर दगड कोण ठेवणार? त्यांनी ती सरळ आजीच्या बोटात घातली. आजीची आईकडे आली, आईची माझ्याकडे. आणि गेल्या उन्हाळ्यात पोहताना ती माझ्या बोटातून निसटली.

“उद्या सकाळी बुडी मार आणि आण,” मी पेट्रॉकला म्हटलं.

“असं कसं? माझी परवानगी ओहोटीच्या रेषेपर्यंतच आहे. पुढचा समुद्राचा तळ राजाचा. त्याची वेगळी मागावी लागते.”

“अरे, राजा येणार आहे का तिथे पोहायला?”

“नियम म्हणजे नियम, टॅम्सिन.”

परवानगी यायला अख्खा हिवाळा गेला. तोवर जेवताना दुसरा विषय नाही. हाताने उचललं तर चालतं, होडीवरून दोर लावून ओढलं तर आणखी एक परवाना. मला सगळं पाठ झालं, अंगठी मात्र खालीच.

वसंतात हा एकदाचा उतरला आणि वर आला तो कुठल्या तरी जुन्या जहाजाच्या कप्पीचं पितळी चाक घेऊन. चेहरा असा, जणू पोरगं झालंय.

“पेट्रॉक, हात जोडते तुझ्यापुढे. ते होतं तिथे ठेव. आधी अंगठी शोध, मग काय कळवायचं ते कळव.”

“बुडालेल्या जहाजाचा माल आहे हा. अठ्ठावीस दिवसांत कळवावाच लागतो.”

“मग सत्ताविसाव्या दिवशी कळव की!”

चहा निवायच्या आत त्याने फोन केला.

व्हायचं तेच झालं. सरकारी माणसं आली, तळाशी तोफा निघाल्या आणि पुळणीसमोरचं पाणी संरक्षित झालं. खास परवान्याशिवाय तिथे बुडी मारायला सगळ्यांना बंदी, पेट्रॉकलासुद्धा. मी कपाळावर हात मारून घेतला.

“काय गं, नवऱ्याने बायकोची अंगठीच सरकारजमा केली म्हणे?” मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या बांधून देताना बेकरीवाली केरेन्सा म्हणाली. त्या दिवशी पेट्रॉकच्या वाटची पेस्टीही मीच खाल्ली.

पुढे अंगठी परवानेवाल्या पाणबुड्यांनाच सापडली. चर्चच्या सभागृहात तळातून काढलेल्या वस्तू मांडल्या होत्या, आम्हाला बोलावणं होतं. पितळी खिळ्यांच्या शेजारी, एका डबीत, माझी अंगठी! मी ती लगेच ओळखली. तिथल्या सरकारी बाई स्वभावाने चांगल्या होत्या.

“तुमची असेल तर खुशाल घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “पण घडण या जहाजाच्याच काळातली दिसते, म्हणून विचारते. तुमच्या घरात कुठून आली होती?”

झालं! आता हा शहाणा माझ्या आजोबांना चोर ठरवणार.

“सासूबाईंनी घेतली होती,” पेट्रॉक म्हणाला. “ट्रूरोला... एका सोनाराकडून...”

मी वळून पाहिलं. त्याचे कान लालबुंद झाले होते. हातातली टोपी पिळून पिळून त्याने तिचं फडकं केलं होतं. माझ्यासाठी खोटं बोलत होता, आणि जमत नव्हतं. त्या सोनाराचं नाव विचारलं असतं तर तिथेच कोसळला असता. इतका राग आला मला त्याचा! ज्या खरेपणाने मला जन्मभर छळलं, तो नेमका आज सोडायला निघाला होता, आणि मला ते बघवेना.

“खोटं बोलतोय तो,” मी म्हटलं. “माझ्या आजोबांनी पुळणीवरून उचलली. कोणाला कळवली नव्हती.”

बाईंनी अंगठी पुन्हा डबीत ठेवली.

बाहेर आल्यावर पेट्रॉक पुटपुटला, “मी निभावलं असतं गं.”

“गप्प बस,” मी म्हटलं आणि त्याचा हात धरला. घामाने ओलाचिंब झाला होता.